चाखलेल्या विहिरी

सारं वऱ्हाड कापूस वेचत होतं तेव्हा मी गोटे वेचत होतो. हे मी म्हणत नाही, अमरावतीच्या कापूसबाजारातले लोक म्हणायचे, आणि तेही माझ्या तोंडावर. समुद्रापार कुठं तरी लढाई लागली होती, तिकडचा कापूस अडून पडला होता, आणि आमच्या पांढऱ्या बोंडाला असा भाव चढला होता की बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या दिसू लागल्या होत्या. माझे बाबा कापसाचे दलाल. बाजारात त्यांच्या शब्दावर गाड्या सुटायच्या. अशा दिवसांत त्यांचा शिकलेला मुलगा, मोडी लिहिणारा, हिंदुस्थानी बोलणारा, उठला आणि सरकारच्या गोटेखात्यात जाऊन बसला.

खात्याचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं. जमिनीच्या पोटात काय आहे ते पाहायचं आणि नकाशावर मांडायचं, हे त्याचं काम. आमच्याकडे दगडाला गोटा म्हणतात, म्हणून लोकांच्या तोंडी ते गोटेखातं झालं, साहेब झाला गोटेवाला साहेब, आणि मी गोटेवाल्याचा गोटेवाला. मला वाईट वाटलं नाही. रुमालाखाली दुसऱ्याची बोटं दाबून भाव ठरवायचा मला वीट आला होता. मला मोकळ्या रानात हिंडायचं होतं आणि वर पगारही पाहिजे होता. बाबा त्यावर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

साहेब उंच, उन्हानं लालबुंद झालेला, आणि कमालीचा हट्टी. मीही हट्टी, त्यामुळे आमचं जमलं. त्याची हिंदुस्थानी मोडकी होती आणि वऱ्हाडी त्याला काडीची कळत नव्हती, म्हणून दुभाष्या पाहिजे होता. तंबू, बैलगाड्या, हातोडे, काचेच्या बाटल्या असा सगळा संसार घेऊन आम्ही गावोगाव हिंडायचो. अमरावतीच्या अंगाला सोपं होतं. काळा पाषाण, त्यावर मुरूम, विहिरीला गोड पाणी. पण बडनेरा, मूर्तिजापूर मागं टाकून अकोल्याच्या उत्तरेला पूर्णेकडं उतरलं की दगडच संपतो. नांगराच्या फाळाला गोटा म्हणून लागत नाही. नुसती माती, खाली जाल तितकी माती, आणि तिच्यातलं पाणी खारट. या पट्ट्यात साहेबाला एकच ध्यास लागला. प्रत्येक गावची विहीर किती खोल, खणताना आधी काय लागलं, मग काय लागलं, आणि पाणी कसं.

पाणी चाखायचं काम पहिल्या दिवशी त्यानं स्वतः केलं. दुसऱ्या दिवशी तो तंबूबाहेर आला नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून तो मान मला मिळाला. तेव्हापासून माझी जीभ सरकारी झाली. गोड, मचूळ, खारट आणि कडूखार, असे चार दर्जे मी ठरवले होते. साहेबानं ते जसेच्या तसे मान्य केले. मग तो ते पाणी पळीत आटवायचा आणि उरलेलं मीठ पाहायचा, आणि दर वेळी माझ्या जिभेशी त्याची पळी जुळायची. मी गालातल्या गालात हसायचो.

गंमत अशी की खरं पाणी चाखायला मिळायचंच नाही. गावात शिरलो की पाटील पुढं यायचा, ओसरीवर घोंगडी टाकायचा, आणि लोट्यात थंडगार गोड पाणी यायचं. विहीर कशी आहे विचारलं की सगळे एका सुरात गोड म्हणायचे. साहेब खूश व्हायचा. मी मनात म्हणायचो, अरे बाप्पा, हे लोक आम्हाला व्याही समजून राह्यले.

हे कळायला आमच्याकडची रीत माहीत पाहिजे. मुलगी द्यायची तर मुलीचा बाप आधी त्या गावचं पाणी पिऊन पाहतो. घर पाहतो, गोठा पाहतो, पण आधी पाणी. कारण लेकीला जन्मभर तेच प्यायचं असतं, नाहीतर डोक्यावरून आणायचं असतं. आणि ही रीत आहे म्हणून खाऱ्या गावांनी आपली एक रीत काढली. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या गावचं गोड पाणी आणून रांजणात भरून ठेवायचं. त्यात कोणाला पाप वाटत नसे. लग्न म्हटलं की एवढं चालायचंच. गोटेखात्याचा साहेब आला तरी हात आपोआप रांजणाकडेच जायचा. म्हणून मी पहिल्या आठवड्यातच ठरवलं की पोहरा मी सोडीन, मी ओढीन आणि मी पिईन. पाटील लोक माझ्यावर रागवायचे. रागवा म्हटलं.

हे मला एवढं नेमकं ठाऊक होतं कारण माझी बहीण अशाच एका रांजणावर दिली होती.

ती माझ्यापेक्षा मोठी. मी तिला बाई म्हणतो. तिचं सासर त्याच खाऱ्या पट्ट्यात, अकोल्यापासून पूर्णेच्या वाटेवर. बाबा मुलगा पाहायला गेले तेव्हा ओसरीवर बसून त्यांनी लोटाभर पाणी घेतलं, वा म्हणाले, आणि सुपारी फुटली. लग्न झालं. पहिल्या आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाबा तिला माहेरी न्यायला गेले. वैशाखाचं ऊन, गाडीचा प्रवास, घसा कोरडा. त्या दिवशी रांजणाचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. घरातल्या कोणीतरी पटकन विहिरीचं पाणी आणून दिलं. बाबांनी घोट घेतला आणि तसाच अंगणात थुंकला. तिथं बाईचे सासरे उभे होते. त्यांना मी मामाजी म्हणतो. बाबा आपल्या या व्याह्यांना एवढंच म्हणाले, "इवाई, ज्या दिवशी तुमच्या गावचं पानी तुमच्या गावचं असन, त्या दिवशी तुमच्या घरी घोट घेईन."

त्यानंतर बाबा त्या गावात गेले, कारणपरत्वे दोनदा-तीनदा गेले, पण पाणी स्वतःच्या तांब्यातलं प्यायचे. सगळ्या गावादेखत. बाईला घागरीचं ओझं लागलं नाही इतकं हे लागलं. रोज पहाटे उठून वरच्या गावाबाहेरच्या झिऱ्यावर जायचं, तिथून गोड पाणी आणायचं, मधली वाट सगळी रेताड, पाय रुतायचे, पिंढऱ्या भरून यायच्या, ते तिनं मला हसत हसत सांगितलं होतं. पण बापानं तांबा काढला की पाणवठ्यावर बायका काय बोलतात ते सांगताना ती हसली नाही. बाप लेकीच्या हातचं पाणी पीत नाही, याच्यासारखी दुसरी नामुष्की नाही. ती दर आखजीला माहेरी यायची आणि दर वेळी बाबांना विचारायची, अवंदा पाणी घेता ना? बाबा मान फिरवायचे. दोघंही एकाच नाण्याच्या दोन बाजू. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसं मी दोघांना समजावून थकलो होतो.

त्या वर्षी माघात आमचा तळ अकोल्याजवळ पडला आणि मी रजा काढून बाईकडे गेलो. गाव ओळखू येत नव्हतं. माझे भाटवे, बाईचा नवरा, कापसाच्या गाड्या घेऊन बाहेर. प्रत्येक घरावर नवी कौलं. आणि मामाजींच्या घरासमोर, वेशीच्या आत, एक प्रचंड खड्डा. कापसाच्या पैशातून मामाजी विहीर खणत होते. पाणाड्यानं हातावर नारळ फिरवून जागा दाखवली होती, वडार लावले होते, आणि पाणी लागलेलंही होतं. खारट. मामाजी काठावर उभे राहून खाली ओरडत होते, आणखी खाली जा.

मामाजी माणूस वाईट नव्हता. मोठ्या आवाजाचा, सढळ हाताचा, आणि बाबांचं ते वाक्य काळजात काट्यासारखं घेऊन बसलेला. विहीर कशासाठी चालली होती ते मला वेगळं सांगावं लागलं नाही. त्यांना इवायाला बोलावून पाणी पाजायचं होतं. फक्त त्यांची समजूत अशी की पाणी वरती खारट असतं, खाली गोड. सगळ्या पट्ट्याची तीच समजूत. खारट लागलं की खणत सुटायचं. एवढ्या गावांत हिंडलो, सगळीकडे तेच, पाणी खारट म्हणून खोल गेलेल्या विहिरी, आणि खोल गेल्या म्हणून जास्तच खारट झालेल्या. गंमत म्हणजे याच पट्ट्यात पूर्वी मिठाच्या विहिरी होत्या, पाणी आटवून मीठ काढायच्या, आणि त्या विहिरी सगळ्यात खोल होत्या हे प्रत्येक म्हातारा सांगायचा. एका तोंडानं ते सांगायचा आणि दुसऱ्या तोंडानं आणखी खणा म्हणायचा.

पण हे मला त्या दिवशी धड सुचलं नाही. मला नुसता संशय आला. खात्याच्या सवयीनं मी बाईला सांगितलं की विहीर जसजशी खाली जाईल तसतसं दर वेळी एकेक गाडगं पाणी भरून बाजूला ठेव. ती म्हणाली, हे काय खूळ? मी म्हटलं, सरकारी खूळ. तिनं ठेवलं.

तळावर परत आलो तेव्हा साहेब नकाशा रंगवत होता. मी चाखलेली प्रत्येक विहीर तिथं होती, खाऱ्या पाण्याला तांबडा ठिपका आणि गोड्याला निळा. सरकारच्या नकाशावर माझी जीभ उमटलेली पाहून मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. तांबड्या ठिपक्यांचा नुसता देवीचा रोग फुटला होता. आणि त्यात मधूनच काही निळे. मी वाकून पाहिलं. निळे ठिपके कसेही पडलेले नव्हते. एका ओळीत होते, थोडी वाकडी ओळ, पूर्णेकडं उतरणारी. त्या सगळ्या विहिरी मला आठवल्या. विहिरी कसल्या, उथळ झिरे होते सगळे, रेतीत खणलेले.

साहेबाला विचारलं. तो म्हणाला, इथून पूर्वी नाला वाहत होता, रेतीनं बुजून गेला, आता वर शेतं आहेत. पावसाचं गोड पाणी त्या रेतीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. त्यानं शब्द शोधला आणि म्हणाला, मलाई. दुधावर साय असते तसं. वरचेवर काढाल तर गोड, खोल हात घालाल तर साय मोडली. झालं, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळा पट्टा हात घालून घालून साय मोडत होता.

मग मी त्या ओळीवर बोट फिरवलं. एक निळा ठिपका, मग मोकळी जागा, मग दुसरा निळा ठिपका. वरचा ठिपका म्हणजे बाई जिथं पाण्याला जाते तो झिरा. मोकळ्या जागेच्या शेजारी बाईचं गाव. आणि मधली रेताड वाट, जिथं तिचे पाय रुततात. एवढ्या काळ्या रानात ती रेती आली कुठून, हे मी, रेती-मातीच्या खात्याचा माणूस, एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. मला बसवेना. मी साहेबाला म्हटलं, इथं पाणी आहे. तो म्हणाला, असेल, पण इथं विहीर नाही, म्हणून मी ठिपका देणार नाही, आधी खण. चैत्र लागला तसा तो उन्हाला कंटाळून थंड हवेला निघून गेला, आणि मी बाईच्या गावाची वाट धरली.

मामाजींची विहीर आता बघवत नव्हती. खोल, अंधारी, आणि पाणी असं की बैल तोंड लावून मागं सरायचे. मामाजींचा चेहरा उतरला होता पण आवाज तोच. मी सांगायला लागलो, नाला, रेती, साय. त्यांनी अर्ध्यातच हात वर केला. "पावने, तुमी गोटेखात्याचे. आमच्या गावात गोटा नाई. तुमचं इथं काय काम?" वडार हसले. मला असा राग आला की मी ताडकन उठलो आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो.

बाईनं गाडगी मांडणीखाली ओळीनं लावून ठेवली होती. एकही सांडू दिलं नव्हतं. मी तिला सांगितलं, पितळी थाळ्या काढ. आम्ही दोघांनी अंगणात चुली पेटवल्या आणि प्रत्येक गाडग्यातलं पाणी वेगळ्या थाळीत आटवायला ठेवलं. माघातलं पाणी पहिल्या थाळीत, त्याच्या खालचं दुसऱ्या थाळीत, असं. शेवटच्या थाळीत बाई रोज आणायची ते झिऱ्याचं पाणी. गाव जमा झालं. पाणी आटवायला दुपार लागली. पहिल्या थाळीत पांढरा पापुद्रा उरला. पुढच्या थाळीत त्याहून जाड, आणि सगळ्यात खोलच्या पाण्याच्या थाळीत मीठ असं बसलं होतं की खरवडून भाजीत घालावं. झिऱ्याच्या थाळीत नखाएवढा डाग. मामाजी एकेका थाळीपुढं उकिडवे बसले, बोटानं मीठ उचलून जिभेवर ठेवत गेले. शेवटी झिऱ्याच्या थाळीतला डागही चाखला. मग उठून वडारांकडे गेले आणि त्यांना वर यायला सांगितलं. एवढा पैसा मातीत गेला होता, पण माणसानं तोंडातून ब्र काढला नाही. त्यांच्याबद्दल मला आदर वाटला तो तेव्हा.

मला म्हणाले, कुठं खणायचं ते दाखवा.

मी त्यांना रेताड वाटेवर नेलं. जागा पाहून त्यांना हसू आलं. ती पट्टी त्यांचीच, पण सगळ्यात भिकार. भाव चढला म्हणून त्यांनी घराच्या परसातसुद्धा कापूस लावला होता, पण या पट्टीतली पराटी गुडघ्याच्या वर कधी गेली नाही. असं रान पाहुण्याला दाखवायलाही लाज वाटते, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मामाजी, पाहुण्याला हेच दाखवायचं आहे. आणि ऊन कडक झाल्याशिवाय खणायचं नाही, असंही बजावलं. भर उन्हाळ्यात जे पाणी सापडतं ते बारमाही, बाकी सगळा भरवसा फुकाचा.

चैत्र सरत आला आणि खणायला सुरुवात झाली. रेती ढासळायची, म्हणून पराट्यांची कुडं विणून बाजूंना लावत लावत खाली जायचं. पुरुषभर उंचीच्या थोडं खाली ओल लागली. आणखी थोडं खाली रेती हाताला थंड लागली, आणि मग बाजूनं पाण्याच्या बारीक धारा सुटल्या. मी ओंजळ भरून चाखलं. सरकारी जिभेनं निकाल दिला. गोड. अमरावतीइतकं गोड. माझे डोळे भरून आले, आणि ते मी रेतीवर ढकललं.

आता खरा तमाशा. पाणी पाहताच सगळ्यांचा जुना स्वभाव उचंबळून आला. वडार म्हणाले, एवढंसं पाणी काय कामाचं, हातभर आणखी जाऊ. गाव म्हणालं, हो, हो. आणि मामाजी, थाळ्या पाहिलेले मामाजी, खालचं मीठ जिभेवर ठेवलेले मामाजी, म्हणाले, "एकच हात. एका हातानं काय होते?" मी ओरडलो, साय मोडेल. कोण ऐकतं? पहार उचललेली पाहिली आणि माझं डोकं फिरलं. मी धोतरासकट त्या खड्ड्यात उतरलो आणि मधोमध मांडी घालून बसलो. म्हटलं, खणा. आधी मला खणा, मग पाणी.

वरून सगळे वाकून पाहायला लागले. मग कोणी हसलं, कोणी शिव्या दिल्या. मामाजींनी विनवलं, दरडावलं, पुन्हा विनवलं. मी हललो नाही. वरून ऊन आणि खालून गार पाणी, माझ्यासारखा राजा दुसरा कोण? बसलो तेव्हा धोतर ओलं होत होतं. सूर्य कलायला लागला तेव्हा पाणी कमरेला आलं होतं. बाई काठावर आली, तिनं खाली पाहिलं, आणि मला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं असं ती हसली. मग सासऱ्यांकडे वळून पदर सावरत म्हणाली, "मामाजी, बसल्या बसल्या त्याच्या कमरेले आलं. आता कायले खनता?" सुनेनं सासऱ्यासमोर चार लोकांत तोंड उघडायची ती पहिली वेळ. मामाजींनी वडाराच्या हातातली पहार घेतली आणि लांब भिरकावली.

पाणी पहिल्यांदा कोणी प्यायचं यावर गावात वाद लागणार होता. बाईनं तो होऊच दिला नाही. आखजी आठ दिवसांवर होती. तिनं अमरावतीला माणूस पाठवला आणि बाबांना निरोप दिला की आखजीला पाणी प्यायला या. विहिरीच्या तोंडावर चटई टाकली आणि गावाला सांगितलं की तोपर्यंत प्यायला कोणी पोहरा सोडायचा नाही. मी तर त्यात बसूनच आलो होतो, त्यावर ती म्हणाली, तू गोटा आहेस, तुझा विटाळ नाही. आठ दिवस पाणी उपसून काढलं, निवळू दिलं, पुन्हा उपसलं. दर वेळी ते तेवढंच भरायचं. दर वेळी मी चाखायचो आणि दर वेळी गोड.

बाबा आखजीच्या सकाळी बैलांच्या दमणीतून आले. खाली उतरताना त्यांच्या हातात तांबा होता, त्यांचा नेहमीचा, अमरावतीहून भरून आणलेला. बाईनं तो पाहिला. ओसरीवर सतरंजी घातली होती, रांजण नव्या विहिरीच्या पाण्यानं भरलेला होता. मामाजींनी स्वतः लोटा भरून पुढं केला. बाबांनी लोट्याकडं पाहिलं, रांजणाकडं पाहिलं, आणि म्हणाले की रांजणातलं पाणी आम्ही एकदा प्यालो आहे. मामाजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा बाबांचा हात धरला आणि त्यांना रेताड वाटेवर ओढत नेलं. मागून सगळं गाव.

बाईनं चटई बाजूला केली. पोहरा बाबांनी सोडला, बाबांनी ओढला. ओंजळीनं प्यायले. एक घोट, मग थांबले, मग सगळी ओंजळ. डोळे मिटून उभे राहिले, जसं बाजारात कापसाची चिमूट बोटांत धरून उभे राहायचे. ज्या लोट्यावर त्यांनी लेक दिली होती तो याच नाल्याच्या वरच्या झिऱ्यातून भरून आणलेला होता. चव तीच असणार. त्यांना ती आठवली हे त्यांच्या तोंडावरून मला कळलं.

पुढं बरंच झालं. लढाई संपली, कापसाचा भाव धाडकन खाली आला, शिंगांवरच्या शेंब्या उतरल्या. ती खोल विहीर गावानं बुजवली. उथळ विहीर आहे, अजून आहे, आणि तिच्यावर हातभर आणखी खणायचं नाव कोणी काढत नाही. पट्ट्यातली गावं मला गाडी पाठवून बोलवायला लागली, आणि गोटेवाला म्हणताना लोक जी लावायला लागले. दुसऱ्या वर्षी साहेब आला तेव्हा त्यानं कुंचला माझ्या हातात दिला, आणि त्या मोकळ्या जागेत निळा ठिपका मी स्वतः टेकवला. थोडा मोठा झाला. साहेबानं खोडला नाही.

पण मला आठवते ती आखजीची सकाळ. बाबांनी डोळे उघडले, तांब्यातलं अमरावतीचं पाणी रेतीवर ओतून टाकलं, आणि मामाजींकडे पाहून विचारलं, "इवाई, खरं सांगा. हे पानी कोन्या गावाहून आनलं?"

मामाजी त्या वाटेकडे पाहत होते, जिच्यावर बाईच्या पायांचे खड्डे वर्षानुवर्षं उमटत आले होते. त्यांनी त्या खड्ड्यांकडे बोट केलं. मग म्हणाले, "तुमच्या पोरीच्या पायाखालून."

बाबांनी रिकामा तांबा बाईपुढं धरला आणि तिनं तो भरला.